कोरियात तिथल्या गावचं जेवण कसं शोधायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियाला निघालेल्या मंडळींचं विमान, व्हिसा, राहणं सगळं ठरलेलं असतं. अडतं ते जेवणाशी. मी दक्षिण कोरियात तीनदा फिरले, त्यातल्या एका खेपेला माझी माळकरी आई सोबत होती. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

शोध कुठून सुरू करू?

गावापासून. आपल्याकडे कोल्हापूरला गेलेला माणूस तांबडा-पांढरा विचारतो आणि मालवणला गेलेला मासे. कोरियातही तसंच आहे, किंबहुना जास्तच. बहुतेक गावांचा एक ठरलेला पदार्थ असतो, आणि पुष्कळदा त्या पदार्थाची गावात एक गल्लीही असते, जिथे ओळीने सगळी दुकानं तोच पदार्थ करतात. सोलसारख्या अवाढव्य शहरातसुद्धा सिंदांग-दोंग भाग त्तोकबोक्कीचा, म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या पिठाच्या कांड्यांचा, आणि जांगछुंग-दोंग भाग डुकराच्या पायांचा. आधी गाव, मग पदार्थ, मग गल्ली, आणि दुकान सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. घरी बसून एका गाजलेल्या दुकानाचं नाव शोधतात आणि त्याच्यासाठी अर्धा दिवस रांगेत उभे राहतात. त्याच गल्लीत तीन दारं सोडून तितकंच चांगलं जेवण मिळत असतं.

मग कोणत्या गावात काय खायचं?

मला स्वतःला सर्वांत आवडतात ते पदार्थ, ज्यांच्यामागे त्या गावाचं काही कारण आहे.

बुसानचं द्वेजी-गुकबाप घ्या. डुकराच्या हाडांचा पांढरट रस्सा, त्यात भात आणि मांसाचे काप. 1950 ते 1953 च्या युद्धात उत्तरेकडून आलेले निर्वासित बुसानमध्ये दाटीवाटीने राहिले आणि स्वस्तात पोट भरणारं हे जेवण त्या काळात शहरात रुजलं, असं सांगितलं जातं. तिथल्याच मिल्म्योन या थंड शेवयांची गोष्टही तशीच आहे. उत्तरेत त्या कुट्टूच्या पिठाच्या करत. बुसानमध्ये कुट्टू मिळेना, मदतीचा गहू मात्र मिळत होता, म्हणून गव्हाच्या झाल्या. ईशान्य किनाऱ्यावरच्या सोकच्छोत उत्तरेच्या हामग्योंग प्रांतातून आलेल्या लोकांची आबाई नावाची वस्ती आहे. माकुळात सारण भरून वाफवलेलं सुंदे खायचं ते तिथे.

आंदोंग हे समुद्रापासून आत असलेलं गाव, आणि तरी ते प्रसिद्ध आहे माशासाठी! किनाऱ्यावरून येईपर्यंत मासा टिकावा म्हणून त्याला मीठ लावत. तो खारवलेला मासा बांगड्याच्या जातकुळीतला आहे. खारा बांगडा कोकणातून घाटावर जायचा हे ज्यांना माहीत आहे, त्यांना आंदोंगमध्ये जेवताना काही समजावून सांगावं लागत नाही.

जोंजूला बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, सगळेच खातात. सकाळी मात्र तिथलं कोंगनामुल-गुकबाप खा: मोड आलेल्या सोयाबीनचा पातळ, गरम रस्सा आणि भात. युनेस्कोने या शहराला 2012 मध्ये खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. गांगनुंगच्या छोदांग भागात टोफू समुद्राच्या पाण्याने साखळवतात, त्यामुळे तो मऊ आणि किंचित खारट लागतो. छुनछोनला दाकगाल्बी, म्हणजे मोठ्या तव्यावर परतलेली तिखट कोंबडी. सुवॉनला गाईच्या बरगड्या. जेजू बेटावर काळं डुक्कर आणि त्याच्याच रश्शातल्या शेवया.

गूगल मॅप चालेल का?

त्यावर विसंबू नका. तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेण्यावर कोरियन सरकारचे निर्बंध होते, त्यामुळे अनेक वर्षं त्यावर पायी जायचा रस्ता धड मिळत नसे. स्थानिक लोक नेव्हर मॅप आणि काकाओ मॅप वापरतात. दोन्ही आधीच फोनवर घ्या, आणि भाषांतरासाठी पापागो घ्या. भिंतीवरच्या यादीचा फोटो काढला की पापागो तो वाचून दाखवतो.

शोधताना 'मात्जिप' हा शब्द टाकू नका. त्याचा अर्थ 'चविष्ट दुकान' एवढाच, पण जाहिरातीवाल्यांनी तो झिजवून टाकला आहे. पदार्थाचं नाव आणि त्या भागाचं नाव कोरियन लिपीत टाका. नेव्हरवर ग्राहक बिलाची पावती दाखवून अभिप्राय देऊ शकतात. मी ब्लॉगांपेक्षा त्या अभिप्रायांवर जास्त विश्वास ठेवते, आणि त्यातही जेवणाच्या ताटाच्या साध्या, वाकड्यातिकड्या फोटोंवर.

दुकान चांगलं आहे हे बाहेरून कसं ओळखायचं?

भिंतीवर तीन-चारच पदार्थ लिहिलेले असतील तर आत जा. ज्या बाईंनी तीस वर्षं एकच रस्सा उकळला आहे, त्यांच्याकडे तो बिघडत नाही. जिथे पिझ्झापासून बिबिम्बापपर्यंत सगळं चित्रांसह छापलेलं आहे, तिथे जाऊ नका.

पाटीवर 'वोन्जो' म्हणजे 'मूळ' असं लिहिलेलं दिसेल. एकाच गल्लीत पाच दुकानांवर ते असतं, त्यामुळे तो पुरावा धरू नका. टीव्हीवर झळकल्याचे फलकही सगळीकडे आहेत. त्यापेक्षा दाराजवळ 'बेंगन्योन गागे', म्हणजे 'शंभर वर्षांचं दुकान' अशी छोटी पट्टी आहे का ते पाहा. लघुउद्योगांचं मंत्रालय 2018 पासून तीस वर्षांहून जुन्या, पारखून निवडलेल्या दुकानांना ती देतं. आणखी एक गोष्ट भिंतीवर असतेच, कारण कायद्याने ती लावावी लागते: तांदूळ, मांस आणि किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) कुठून आली याचा तक्ता. किमची स्वतः घालणारं घर तिथे 'गुंग्नेसान', म्हणजे देशातलीच, असं लिहितं. फुकट मिळणाऱ्या किमचीवर जो कष्ट घेतो, तो बाकीच्या जेवणावरही घेणार असा माझा अनुभव आहे.

आणखी एक जागा कोणत्याही पुस्तकाविना सापडते. तिचं नाव गिसा-सिक्तांग, म्हणजे टॅक्सीवाल्यांची खानावळ. ताट झटपट येतं, पोटभर असतं, एकट्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. सोलमध्ये योन्नाम-दोंग आणि सोंगबुक-दोंग या भागांत अशा खानावळी आहेत.

आणि बेकबान हा शब्द लक्षात ठेवा. भात, एक रस्सा आणि त्या दिवशी घरात केलेल्या पाच-सात भाज्या-चटण्या. आपली राइसप्लेट म्हणा. कोरियन घरात काय शिजतं ते कळण्यासाठी याहून चांगला रस्ता मला सापडलेला नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. जमेल का?

जमेल, पण किती कडक पाळायचं हे निघण्याआधी घरात बसून ठरवा. टेबलावर बसून ते ठरत नाही.

अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते काढून मिळतात. अडचण रश्शाच्या मुळाशी आहे. साध्या खानावळीतला बहुतेक प्रत्येक रस्सा सुक्या मासळीच्या, म्हणजे म्योल्चीच्या, पाण्यावर केलेला असतो. शेवयांचं काल्गुक्सू, टोफूचं जिगे, बाजारातल्या त्तोकबोक्कीचा रस्सासुद्धा. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. त्यातून 'गोगी नको' असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला 'मटण-चिकन नको' एवढंच कळतं. मासा त्यांच्या लेखी गोगी नाही. म्हणून तिन्ही नावं घ्या: गोगी, सेंगसोन, हेमुल. म्हणजे मांस, मासे, समुद्रातलं इतर काही. मग म्योल्चीचं पाणी आहे का हे वेगळं विचारा. हे सगळं पापागोमध्ये कोरियन लिपीत लिहून, पडताळून, फोनवर चित्र म्हणून साठवून ठेवा. तोंडी उच्चारावर हे सोपवू नका.

निश्चिंत व्हायचं असेल तर बौद्ध मठांचं जेवण शोधा. त्यात मांस-मासे नसतात, आणि पाच उग्र वासाच्या गोष्टीही नसतात: लसूण, पातीचा कांदा, त्यांची एक चपटी पात, एक रानपात आणि हिंग. हो, हिंगच! तो कोरियात पिकत नाही, पण भारतातून निघालेल्या धर्माबरोबर वर्ज्य यादीत त्याचं नाव तिथवर पोहोचलं आणि टिकून राहिलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती ताटाकडे बराच वेळ पाहत राहिली. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची इथे उत्तम सोय होते. कडक जैन आहार पाळणाऱ्यांनी मात्र विचारावं, कारण मुळा, बटाटा, कमळकाकडी ही कंदमुळं मठात भरपूर वापरतात. सोलमध्ये जोग्येसा मठासमोरच्या इमारतीत 'बाल्वू गोंग्यांग' हे मठाच्या जेवणाचं उपाहारगृह आहे. ते महाग आहे आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. पैसे जपून वापरायचे असतील तर एक रात्र मठातच राहा. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी ही सोय सुरू झाली आणि आता देशभर आहे. डोंगरातल्या मोठ्या मठांच्या पायथ्याशी रानभाज्यांचं सानछे-बिबिम्बाप देणारी घरंही असतात. रानभाज्यांची चव ज्यांना पावसाळ्यात सह्याद्रीत लागली आहे, त्यांना ते ताट फार आवडेल.

बाकी ठिकाणी आधार देणारे पदार्थ: उन्हाळ्यात कोंगगुक्सू (थंड सोयादुधातल्या शेवया), भोपळ्याची किंवा आझुकी या लाल कडधान्याची लापशी, बटाट्याचं धिरडं, हिवाळ्यात रस्त्यावर भाजलेली रताळी. आणि जोंगसोन हे डोंगरातलं गाव. तिथला बाजार दर पाच दिवसांनी, 2 आणि 7 ने संपणाऱ्या तारखांना भरतो. तिथे गोन्द्रे नावाच्या रानभाजीचा भात मिळतो, आणि सुसू-बुक्कुमी मिळते: ज्वारीच्या पिठाची जाडसर पोळी, आत आझुकीचं गोड पुरण, अर्धी दुमडून तव्यावर खरपूस भाजलेली. ज्वारीत पुरण भरायचं आपल्या का डोक्यात आलं नाही, असा प्रश्न मला अजून पडतो.

मांसाहार चालतो, पण गोमांस नको. काय सांभाळू?

नावं सांभाळा. नुसतं 'बुल्गोगी' किंवा नुसतं 'गाल्बी' लिहिलं असेल तर ते बहुधा गाईचं. डुकराचं असेल तर आधी 'द्वेजी' लागतं, कोंबडीचं असेल तर 'दाक'. बिबिम्बापवर गोमांसाचा खिमा असू शकतो. नेंगम्योन या थंड शेवयांचा रस्सा, समुद्री शेवाळाचं सूप, नववर्षाचं त्तोकगुक, यांत बहुतेकदा गोमांस असतं. सोल्लोंगतांग आणि गोमतांग ही सूपं तर गाईच्या हाडामांसाचीच. युख्वे म्हणजे कच्चं गोमांस. तोंडी सांगायचं वाक्य: "सो-गोगी आन मोगोयो." मी गोमांस खात नाही.

डुकराचं मांसही नको असेल तर सुंदे टाळा. ते आइस्क्रीम नाही, एरवी डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेला पदार्थ आहे. मांदू म्हणजे त्यांचे मोमो, त्यातही डुकराचं मांस असतं. गिम्बाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, त्यात बहुधा हॅम असतं. हलाल हवं असेल तर सोलच्या इतेवॉन भागात मशिदीच्या आसपास जा.

दुकानात शिरल्यावर गोंधळायला होतं. काय करायचं?

किती माणसं ते बोटांनी दाखवा, दाखवतील तिथे बसा. चमचे-काड्या टेबलाच्या कडेला असलेल्या खणात असतात, हे कोणी सांगत नाही. पाणी बहुधा स्वतः घ्यायचं. टेबलावर घंटीचं बटण असेल तर दाबा, नसेल तर "योगियो" अशी मोकळी हाक मारा. हात हलवत ताटकळू नका.

जुन्या खानावळीत लोक वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. आईने बुसानमध्ये सवयीने "मावशी, थोडा भात" म्हटलं, आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्याच क्षणी "इमो!" म्हणून किमची मागत होता. दोघांनी एकच हाक मारली होती.

ताटाबरोबर येणाऱ्या छोट्या वाट्यांना बान्छान म्हणतात. त्यांचे पैसे नसतात आणि संपल्या की पुन्हा मिळतात. "दो जुसेयो" म्हणा, आणखी द्या. मात्र संपवाल तेवढंच मागा. काड्या भातात उभ्या खोचू नका, ते मृतांच्या पूजेचं लक्षण आहे. भाताची वाटी हातात उचलून खात नाहीत. सोबत वडीलधारं माणूस असेल तर पहिला घास त्यांचा.

एकटीने जेवता येईल का?

येईल. एकट्याने जेवण्याला तिथे 'होन्बाप' असा शब्दच आहे. टेबलावर भाजायचं मांस, दाकगाल्बी, जिम्दाक (रश्शात शिजवलेली कोंबडी) हे मात्र कमीत कमी दोन माणसांचंच देतात, आणि त्यात तुमचा अपमान नाही, शेगडी पेटवायचा तो हिशेब आहे. गुकबाप, काल्गुक्सू, गिम्बाप, गिसा-सिक्तांग या जागा एकट्यांच्याच आहेत.

बाजारात खायला बसायचं तर?

सोलचा ग्वांगजांग बाजार 1905 चा. तिथे भिजवलेली मूगडाळ जात्यावर दळून भरपूर तेलात तळलेलं बिंदेत्तोक मिळतं. आपलं मुगाचं धिरडं जाड करून तळलं तर तसं होईल. त्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या. गर्दी नको असेल तर मांगवॉन बाजारात जा, तिथे आसपासची माणसं रोजची भाजी घ्यायला येतात. नामदेमुनमध्ये एक गल्ली शेवयांची, एक माशाच्या कालवणाची. सोलजवळच्या सोंगनाममध्ये मोरान बाजार 4 आणि 9 ने संपणाऱ्या तारखांना भरतो.

बसण्याआधी किंमत बघा, पाटी नसेल तर विचारा. मासळी बाजारात 'सिगा' लिहिलेलं असतं, म्हणजे आजचा भाव. तिथे तोंडी आकडा ठरवून, फोनवर टाइप करून दाखवून मगच मासा काढायला सांगा. एका बाजारात मी हे केलं नाही आणि न मागितलेल्या ताटाचेही पैसे दिले. बुसानच्या जागाल्चीत मासा खाली निवडायचा आणि वरच्या मजल्यावर खायचा. वर बसण्याचे, चटणी-पाल्याचे दर माणशी वेगळे पैसे होतात, तेही आधी विचारा.

जेवणाच्या वेळा?

बारा ते एक कचेऱ्या सुटतात. साडेअकराला किंवा सव्वाला जा. दुपारी तीन ते पाच पुष्कळ दुकानं बंद असतात. चंद्रवर्षाची सुरुवात आणि छुसोक या दोन सणांत घरगुती दुकानं ओळीने बंद असतात. छुसोकला मात्र सोंगप्योन खा: तांदळाच्या पिठाच्या पारीत तिळाची किंवा चेस्टनटची भर, आणि पाइनच्या पानांवर वाफवलेलं. बहुतेक सप्टेंबरातच येतं, आपल्या उकडीच्या मोदकांच्या आगेमागे.

खूप तिखट असतं का?

आपल्या जिभेला झेपेल. तिथल्या तिखटात गोडवा असतो. लहान मुलांसाठी "आन मेप्गे हे जुसेयो", तिखट न करता द्या, असं म्हणा. लापशी आणि वाफवलेलं अंडं मुलं खातात.

खर्च किती?

2024-25 च्या सुमाराला सोलमध्ये बेकबान साधारण 8 ते 10 हजार वोन, म्हणजे पाच-सहाशे रुपये, आणि गिम्बापची एक गुंडाळी साडेतीन हजारांच्या आसपास होती. कर किमतीतच असतो. टीप देत नाहीत, ठेवली तर गोंधळतात. पैसे उठताना गल्ल्यावर द्यायचे. कार्ड सगळीकडे चालतं, बाजारासाठी थोडी रोकड ठेवा.

दारातलं रांगेत नाव नोंदवायचं यंत्र कोरियन फोन नंबर मागतं. मग?

आतल्या माणसाला पासपोर्टकडे बोट दाखवून सांगा, बहुतेक जण हाताने नाव लिहून घेतात. नाही घेतलं तर पुढच्या दारात जा.

पाऊस लागला तर?

तर नशीब चांगलं. पावसात तिथे पातीचा कांदा घातलेलं पाजोन हे धिरडं आणि माक्गोल्ली ही तांदळाची दारू घ्यायची रीत आहे, आपल्याकडे कांदाभजी आणि चहा असतो तशी. पाजोनमध्ये कोळंबी-माकूळ असतं, नको असेल तर सांगा.

आवडलेलं दुकान पुन्हा कसं सापडेल?

निघताना "जाल मोगोस्सुम्निदा", छान जेवले, असं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. मग बाहेर येऊन पाटीचा फोटो काढा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव शोधून तेच दुकान मिळेल याची खात्री नसते. कोरियन अक्षरांतलं नाव नेव्हरवर थेट त्याच दारात आणून सोडतं.